युरोपीय संसद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपीय संसदेविषयीचा गोंधळ बहुतेक एकाच गोष्टीतून होतो. आपण लोकसभा डोळ्यांसमोर ठेवून तिच्याकडे पाहतो. या सभागृहात सत्ताधारी बाकं नाहीत, विरोधी पक्षनेता नाही, पंतप्रधान नाही आणि सरकार पडलं म्हणून मुदतपूर्व निवडणूकही नाही. कायदा सुरू करायचा अधिकार तिच्याकडे नाही. तो अडवायचा आणि बदलायचा अधिकार मात्र पुरेपूर आहे. खालची उत्तरं हा फरक मनात ठेवून वाचावीत.

ही नेमकी कोणाची संसद?

युरोपीय संघातल्या २७ देशांची. सदस्य ७२०, मुदत ५ वर्षं. मतदार थेट निवडून देतात. असं थेट निवडलेलं बहुराष्ट्रीय आणि त्याच वेळी कायदे करण्याचा खरा अधिकार असलेलं सभागृह जगात दुसरं नाही.

सुरुवात साधी होती. १९५२ मध्ये युरोपीय संघाच्या आधीच्या कोळसा आणि पोलाद समुदायाची ७८ जणांची सभा फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला भरली. त्या सदस्यांना त्यांच्या देशांच्या संसदांनी पाठवलं होतं. पहिली थेट निवडणूक १९७९ च्या जूनमध्ये झाली. तेव्हा देश ९ आणि जागा ४१० होत्या. निवडून आलेल्या संसदेच्या पहिल्या अध्यक्ष सिमोन वेल.

युरोपीय परिषद, मंत्रिपरिषद, युरोप परिषद, आयोग: हे सगळं एकच का?

नाही, पण गल्लत होणं स्वाभाविक आहे.

युरोपीय परिषद म्हणजे २७ देशांच्या राष्ट्रप्रमुखांची किंवा पंतप्रधानांची बैठक. तिचे अध्यक्ष डिसेंबर २०२४ पासून अंतोनियो कोश्ता आहेत. त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, म्हणून गोव्यात त्यांची बातमी पहिल्या पानावर येते. ते संसदेचे अध्यक्ष मात्र नाहीत. मंत्रिपरिषदेत विषयानुसार त्या त्या खात्याचे मंत्री बसतात: शेतीचा विषय असला तर कृषिमंत्री, पैशाचा असला तर अर्थमंत्री. संसदेबरोबर कायदा मंजूर करणारं दुसरं सभागृह तेच. आयोग म्हणजे कार्यकारी यंत्रणा. तिथे प्रत्येक देशाचा एक आयुक्त असतो आणि कायद्याचा पहिला मसुदा तिथूनच निघतो.

युरोप परिषद ही तर संघाच्या बाहेरचीच संस्था आहे. तिचे ४६ सदस्य देश आहेत. मानवी हक्क न्यायालय तिचं आहे. तीही स्ट्रासबर्गलाच बसते आणि निळ्यावर बारा ताऱ्यांचा झेंडा मुळात तिचाच. गोंधळ व्हावा म्हणूनच केलंय की काय, असं वाटावं.

जागा लोकसंख्येप्रमाणे वाटतात का?

काही अंशी. कोणत्याही देशाला ६ पेक्षा कमी आणि ९६ पेक्षा जास्त जागा मिळत नाहीत. मधल्या देशांसाठी उतरत्या प्रमाणाचा नियम आहे: देश जितका मोठा, तितके त्याच्या एका सदस्यामागे जास्त लोक.

जर्मनीला ९६, फ्रान्सला ८१, इटलीला ७६, स्पेनला ६१ आणि पोलंडला ५३ जागा आहेत. दुसऱ्या टोकाला सायप्रस, लक्झेंबर्ग आणि माल्टा यांना प्रत्येकी ६. माल्टाचा एक सदस्य साधारण ९० ते ९५ हजार लोकांचं प्रतिनिधित्व करतो, जर्मनीचा सुमारे पावणेनऊ लाखांचं. म्हणजे एका जर्मन मताचं वजन माल्टाच्या मताच्या साधारण नवव्या हिश्शाइतकं. जर्मनीत यावर कुरबूर होते. आपल्याकडेही सौम्य स्वरूपात हेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात एका खासदारामागे सव्वासात लाखांच्या आसपास लोक येतात आणि महाराष्ट्रात तेवीस लाखांवर.

आकडा अधूनमधून बदलतो. ब्रिटन बाहेर पडला तेव्हा ७५१ चे ७०५ झाले. २०२४ च्या निवडणुकीसाठी १५ जागा वाढवून ७२० केले. संघाच्या करारानं घातलेली कमाल मर्यादा ७५१ आहे.

निवडणूक एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं होते का?

दोन्ही नाही. २०२४ मध्ये मतदान ६ ते ९ जून असं चार दिवस चाललं. नेदरलँड्समध्ये गुरुवारी मत देतात आणि बहुतेक देशांत रविवारी. शेवटच्या देशातलं शेवटचं केंद्र बंद होईपर्यंत अधिकृत निकाल जाहीर करता येत नाही.

पद्धत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचीच, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणारी हवी, एवढं सर्वांना बंधनकारक आहे. बाकी ज्याचं त्यानं ठरवायचं. बहुतेक देशांत पक्षाच्या यादीला मत देतात. आयर्लंड आणि माल्टात उमेदवारांना पसंतीक्रम देतात. जागा मिळण्यासाठी किमान मतांची अट घालता येते, पण ती ५ टक्क्यांच्या वर नाही. मतदानाचं वय बहुतेक ठिकाणी १८, ग्रीसमध्ये १७ आणि ऑस्ट्रिया, माल्टा, जर्मनी, बेल्जियममध्ये १६. बेल्जियममध्ये मतदान सक्तीचं आहे, म्हणून २०२४ मध्ये तिथे सुमारे ८९ टक्के मतदान झालं. क्रोएशियात जेमतेम २१ टक्के झालं. सगळ्या देशांची सरासरी ५०.७४.

यादी पद्धतीत एखाद्यानं राजीनामा दिला तर सहसा त्याच यादीतला पुढचा माणूस येतो, पोटनिवडणूक होत नाही. आणि आपल्या देशाच्या संसदेत राहून इथेही बसणं २००४ पासून बंद आहे.

जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला मत देता येतं का?

भारतीय पासपोर्टवर नाही, मग वास्तव्य कितीही वर्षांचं असो आणि कर कितीही भरलेला असो. मतदानासाठी सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं.

पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोंयकारांची गोष्ट वेगळी. ते संघाचे नागरिक ठरतात. फ्रान्स किंवा जर्मनीत राहत असतील तर तिथल्या यादीत नाव घालून तिथल्या उमेदवारांना मत देता येतं, नाहीतर पोर्तुगालच्या २१ जागांसाठी. दोन्हीकडे देणं हा गुन्हा आहे. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांनाही, पोर्तुगालच्या मतदारयादीत परदेशातल्या पत्त्यासह नाव असेल तर, दूतावासाच्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन मत देता येतं. इथे लोक नेहमी अडकतात ते पत्त्यापाशी. ओळखपत्रावर जुना लिस्बनचा पत्ता राहिलेला असतो आणि मत त्या पत्त्याच्या केंद्रावर पडून राहतं.

सभागृहात देशाप्रमाणे बसतात का?

नाही, गटाप्रमाणे. अर्धवर्तुळाकार सभागृहात डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडे. स्पेनचा समाजवादी पोलंडच्या समाजवाद्याशेजारी बसतो, स्वतःच्या देशातल्या विरोधकाशेजारी नाही.

गट करायला किमान २३ सदस्य लागतात आणि ते किमान ७ देशांतले हवेत. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. मोठ्या देशातला एखादा पक्ष एकटा २५-३० जागा जिंकूनही गटाविना राहू शकतो. आणि गट नसला की सभागृहात बोलायला वेळ, समित्यांमधली पदं, कर्मचारी, निधी सगळंच आटतं. म्हणून निवडणुकीनंतरचे पहिले काही आठवडे जोडाजोडीत जातात.

जुलै २०२४ मध्ये ८ गट झाले: युरोपीय लोकपक्ष १८८, समाजवादी आणि लोकशाहीवादी १३६, पॅट्रियट्स ८४, परंपरावादी आणि सुधारणावादी ७८, रिन्यू ७७, हरित ५३, डावे ४६, सार्वभौम राष्ट्रांचा गट २५. उरलेले ३३ कोणत्याच गटात नव्हते.

मग बहुमत कोणाचं? व्हिप असतो का?

कायमचं बहुमत कोणाचंच नसतं. गट सदस्यांना कसं मत द्यावं ते सांगतात. पहिल्या रांगेत बसलेला समन्वयक अंगठा वर किंवा खाली करून खूणही करतो, कारण एका दुपारी शेकडो मतं पडतात. पण ते न ऐकल्यानं सदस्यत्व जात नाही. सदस्य व्यक्तिशः मत देईल आणि कोणाच्या आदेशाला बांधील नसेल, असं निवडणुकीच्या मूळ कायद्यातच आहे. आपल्या पक्षांतरबंदीच्या नेमकं उलट.

याचा परिणाम १८ जुलै २०२४ ला दिसला. उर्सुला फॉन डेर लायन यांना आयोगाच्या अध्यक्षपदासाठी ४०१ मतं मिळाली. त्यांना पाठिंबा देणाऱ्या तीन गटांची बेरीजही १८८ अधिक १३६ अधिक ७७, म्हणजे बरोबर ४०१. गणित सरळ सुटलं असं वाटेल, पण तसं नव्हतं. मतदान गुप्त होतं. तिन्ही गटांतून काहींनी विरोध केला आणि ती तूट हरितांनी भरून काढली.

कायदा होतो कसा?

आपल्या खिशातल्या फोनच्या चार्जरचं उदाहरण घेऊ.

२३ सप्टेंबर २०२१ ला आयोगानं प्रस्ताव मांडला: फोन, टॅब्लेट, कॅमेरे वगैरेंना एकच यूएसबी-सी पोर्ट असावा. प्रस्ताव संसदेत आला की एका समितीकडे जातो. हा अंतर्गत बाजारपेठ समितीकडे गेला. समिती एक अहवालकर्ता नेमते. इथे ते माल्टाचे अलेक्स आजिअस सालिबा होते. बाकीचे गट आपापला छाया-अहवालकर्ता ठेवतात आणि प्रत्येक ओळीवर तो नजर ठेवतो. दुरुस्त्या येतात. मोठ्या कायद्यावर त्यांचा ढीग होतो. डेटा संरक्षण कायद्यावर जवळजवळ ४,००० आल्या होत्या. अहवालकर्ता त्यातून तडजोडीचे मसुदे बांधतो आणि समिती मत देते.

आयोगाच्या यादीत लॅपटॉप नव्हते, ते संसदेनं घातले.

यानंतर त्रिपक्षीय बैठका होतात. एका टेबलाशी संसद, मंत्रिपरिषद आणि आयोग. समोर चार रकान्यांचा कागद असतो: पहिल्यात आयोगाचा मजकूर, दुसऱ्यात संसदेचा, तिसऱ्यात मंत्रिपरिषदेचा आणि चौथा कोरा. चौथा भरला की कायदा झाला. खरा सौदा इथे होतो, तोही बंद दाराआड. या संसदेवरची सर्वांत रास्त टीका हीच आहे असं आमचं मत. सभागृहातलं भाषण सगळ्यांना पाहता येतं, पण चौथा रकाना कोणी आणि कशाच्या बदल्यात भरला ते नंतर शोधावं लागतं.

चार्जरचा चौथा रकाना ७ जून २०२२ ला भरला. ४ ऑक्टोबरला सभागृहानं ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजुरी दिली, ८ तटस्थ. त्याच महिन्यात परिषदेचीही मंजुरी मिळाली. फोनना २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून नियम लागू. आयफोन १५ मुदतीच्या आधीच, २०२३ मध्ये, यूएसबी-सी घेऊन आला आणि भारतातही तोच विकला गेला.

आणि जमलं नाही तर?

पहिल्या वाचनाला कालमर्यादा नाही, त्यामुळे विधेयक वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. दुसऱ्या वाचनात, म्हणजे मंत्रिपरिषदेनं आपला मजकूर परत पाठवल्यावर, संसदेला तीन महिने, फार तर चार मिळतात. तिथे फेटाळायला किंवा दुरुस्ती करायला हजर सदस्यांचं बहुमत पुरत नाही, एकूण सदस्यांचं लागतं: ७२० पैकी ३६१. गैरहजर राहणारा नकळत मंत्रिपरिषदेच्या बाजूनं मोजला जातो. तरीही मतभेद राहिले तर दोन्हीकडच्या २७-२७ जणांची समेट समिती बसते. तीही फसली तर कायदा संपला. कामाच्या तासांच्या कायद्यातल्या बदलांचं २००९ च्या एप्रिलमध्ये असंच झालं.

थेट फेटाळल्याची उदाहरणंही आहेत. सॉफ्टवेअर पेटंटचा कायदा जुलै २००५ मध्ये ६४८ विरुद्ध १४ मतांनी गेला. कीटकनाशकांचा वापर कमी करण्याच्या प्रस्तावाचं नोव्हेंबर २०२३ मध्ये वेगळंच झालं. दुरुस्त्यांनी तो इतका पातळ झाला की कडक हवा असलेल्यांनाही तो आपला वाटेना आणि नको असलेल्यांना तर तो नकोच होता. बाजूनं २०७, विरोधात २९९, तटस्थ १२१. पुढे आयोगानं तो मागेच घेतला.

संसद स्वतः विधेयक का मांडू शकत नाही?

करारांनी तो अधिकार आयोगाला दिला आहे. संसद बहुमतानं आयोगाला "प्रस्ताव आणा" असं सांगू शकते. आयोग नाही म्हणाला तर त्याला कारण द्यावं लागतं, एवढंच. चार्जरची मागणी संसद अनेक वर्षं करत होती. जानेवारी २०२० मध्ये ५८२ मतांनी ठरावही केला, तरी प्रस्ताव यायला पुढे दीड वर्षाहून जास्त काळ गेला.

चुकीचं बटण दाबलं तर?

नोंदीत दुरुस्ती होते, निकालात नाही. २६ मार्च २०१९ ला कॉपीराइट कायद्यावर मत होतं. वादग्रस्त कलमांवर स्वतंत्र मतदान घ्यायचं का, हा प्रस्ताव ३१२ विरुद्ध ३१७ मतांनी फेटाळला गेला. नंतर दहाएक सदस्य म्हणाले की बटण चुकलं. क्रम ऐनवेळी बदलल्यानं आपण कशावर मत देतोय तेच कळलं नाही. नोंद बदलली, त्या हिशेबानं निकालही उलटला असता, पण कायदा होता तसाच मंजूर झाला.

आयोगावर वचक कितपत?

वाटतो त्यापेक्षा बराच. अध्यक्षाला संसद निवडते. मग प्रत्येक नियोजित आयुक्ताची संबंधित समितीपुढे काही तास जाहीर उलटतपासणी होते. कायद्यानं संसद एकाला वगळू शकत नाही, मंजूर किंवा नामंजूर सगळा संच एकदम करावा लागतो. पण याच धमकीवर एकेकाला माघार घ्यायला लावतात. २००४ मध्ये इटलीचे रोक्को बुतिल्योने गेले. २०१९ मध्ये फ्रान्स, हंगेरी आणि रोमानियाची नावं पडली.

अविश्वास ठरावाला पडलेल्या मतांच्या दोन-तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यांचं बहुमत लागतं. आजवर एकही संमत झालेला नाही. जुलै २०२५ च्या ठरावाला १७५ मतं मिळाली, विरोधात ३६०. मार्च १९९९ मध्ये जाक सांतेर यांच्या आयोगानं मात्र ठराव येण्याआधीच राजीनामा दिला.

हापूसवर बंदी याच संसदेनं घातली होती ना?

नाही. १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांच्यावर आलेली बंदी हा आयोगाचा अंमलबजावणीचा निर्णय होता. सदस्य देशांच्या तज्ज्ञ समितीनं त्याला मान्यता दिली होती. कारण फळमाशी आणि इतर किडी: २०१३ मध्ये २०७ खेपांत त्या सापडल्या होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. अशा निर्णयावर संसद हरकतीचा ठराव करू शकते, तो बंधनकारक नसतो. म्हणून कोकणातल्या निर्यातदारानं अशा वेळी संसद सदस्याचं दार ठोठावण्यापेक्षा आयोगाच्या आरोग्य आणि अन्नसुरक्षा खात्याकडे बघावं.

व्यापार करार ही वेगळी गोष्ट. तिथे संसदेची संमती लागतेच आणि मजकुरात काना-मात्रा बदलता येत नाही: हो किंवा नाही. बनावट मालाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार, ॲक्टा, जुलै २०१२ मध्ये ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला आणि युरोपपुरता तो संपला. भारताबरोबरच्या मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ ला सुरू झाल्या, २०१३ ला थांबल्या आणि २०२२ ला पुन्हा सुरू झाल्या. त्या करारालाही याच दारातून जावं लागतं.

२४ भाषांत काम चालतं कसं?

२४ भाषा म्हणजे ५५२ जोड्या. माल्टीमधून थेट फिनिशमध्ये बोलणारा दुभाषा मिळणं कठीण, म्हणून साखळी करतात: माल्टीचं इंग्रजी होतं आणि ते ऐकून दुसऱ्या कक्षातला माणूस फिनिशमध्ये बोलतो. यात दोन-चार सेकंद जातात. त्यामुळे विनोदावर सभागृह तुकड्यातुकड्यानं हसतं.

गडबड होते ती लिहून आणलेल्या भाषणानं. सदस्याला बहुतेक वेळा एकच मिनिट मिळतं. तो दोन मिनिटांचा मजकूर त्यात कोंबून घडाघडा वाचतो आणि दुभाषा हात टेकतो. आकडे आणि विशेषनामं पहिल्यांदा गळतात. जुने सदस्य म्हणूनच सावकाश, छोट्या वाक्यांत बोलतात.

(बोलणाऱ्याला मध्येच प्रश्न विचारायचा तर निळं कार्ड वर करतात. नोकरीच्या व्हिशाच्या ब्लू कार्डाशी त्याचा काही संबंध नाही.)

स्ट्रासबर्ग की ब्रसेल्स?

दोन्ही, शिवाय सचिवालयाचा भाग लक्झेंबर्गला. वर्षात १२ अधिवेशनं स्ट्रासबर्गला, समित्या ब्रसेल्सला. दर महिन्याला सदस्यांच्या दाराबाहेर पेट्या ठेवल्या जातात, कागद त्यात भरून चारशेहून अधिक किलोमीटर जातात आणि चार दिवसांनी परत येतात.

बहुतेक सदस्यांना हे नको आहे. पण जागा करारात लिहिलेल्या आहेत आणि त्या बदलायला फ्रान्ससह सगळ्यांची संमती लागते. संसदेनं दोन अधिवेशनं एकाच आठवड्यात बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा फ्रान्स न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०१२ मध्ये जिंकला. सगळं ब्रसेल्सला हलवलं तर वर्षाला ११.४ कोटी युरो वाचतील, असा युरोपीय लेखापरीक्षकांचा २०१४ चा अंदाज आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये स्ट्रासबर्गच्या सभागृहाच्या छताचा भाग कोसळला. सुट्टी असल्यानं कोणी आत नव्हतं. तेव्हा पुढची अधिवेशनं ब्रसेल्सला विनाअडचण पार पडली.

पगार किती?

युरोपीय न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या मूळ वेतनाच्या ३८.५ टक्के, म्हणजे महिन्याला कर धरून दहा हजार युरोंहून जास्त. २००९ पासून सगळ्या देशांच्या सदस्यांना सारखाच. हजेरीचा दैनिक भत्ता वेगळा. मतदानाच्या दिवशी निम्म्याहून जास्त नोंदवलेली मतं चुकवली तर तो निम्मा होतो.

मत नसलेल्या मराठी माणसाला संसदेकडे काही मागता येतं का?

येतं, आणि हे फार कमी जणांना ठाऊक आहे. युरोपीय संघात राहणारी कोणतीही व्यक्ती, नागरिक असो वा नसो, संसदेच्या याचिका समितीकडे अर्ज करू शकते. शुल्क नाही, वकील लागत नाही. अर्ज २४ पैकी कोणत्याही अधिकृत भाषेत, ऑनलाइन किंवा टपालानं करता येतो. मराठीत नाही.

तीन गोष्टी सांभाळाव्यात. विषय संघाच्या अखत्यारीतला हवा: पदवीची मान्यता, प्रवाशांचे हक्क, ग्राहक हक्क, पर्यावरण चालेल. घरमालकाशी भांडण किंवा नगरपालिकेचा दंड सहसा चालणार नाही आणि बरेच अर्ज इथेच बाद होतात. दुसरं, त्रास तुम्हाला स्वतःला झालेला हवा. तिसरं, न्यायालयाचा निकाल फिरवून मागू नये, समिती ते करू शकत नाही. ती आयोगाकडून उत्तर मागवते, कधी सुनावणी ठेवते. याला महिने लागतात, त्यामुळे देशातल्या अपिलाची मुदत चालू असेल तर आधी तिकडे अर्ज करावा.